आता आवश्यक नाही

केनवड

चि. निकितास मावशीचे अनेक आशीर्वाद.

सडा टाकून झाला होता, चुलीवर दूध होतं आणि मी तूर निवडत बसले होते. तुझ्या मावसाजींना म्हटलं, दुधाकडे पाहा. ‘पाहून राह्यलो ना!’ म्हणाले, आणि कॉम्प्युटरवर पत्ते लावत राहिले. दूध चुलीत गेलं, तरी मलाच म्हणतात, ‘प्रयाग, कायले ओरडतं? डाव सुटला पाय!’ अशा कितीतरी सकाळी गेल्या. आता दूध उतू जात नाही, घोटभरच तर असतं. असो. तुझी तब्येत कशी आहे? पुण्याच्या खाणावळीवर माझा विश्वास नाही.

पत्र लिहायचं कारण तुझं लिनक्स. काही वर्षांमागे दिवाळीला तू त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून ते बसवून दिलंस, वाचायला पुस्तकं भरून दिलीस, तुझे उपकार आहेत. पण काल ते यंत्र म्हणालं, जागा संपली, नवी पॅकेजं (म्हणजे प्रोग्रामांचे गठ्ठे) बसत नाहीत. जुनं काहीतरी काढणं भाग होतं. मी मन घट्ट करून पत्त्यांचा खेळ काढला (तसाही त्याने माझं पुष्कळ दूध सांडलंय). तर आज्ञा लिहायच्या त्या काळ्या खिडकीत यंत्राने नावांची ही लांब रांग लावली आणि वर शुद्ध मराठीत लिहिलं की ही पॅकेजं आपोआप आली होती, आता आवश्यक नाहीत.

निकिता, माझं डोकंच फिरलं. ती पत्त्यांच्या मागे आली, म्हणजे पत्ते गेले की त्यांनीही चालू लागायचं? मीही रिसोडहून कोणाच्या तरी मागेच आले होते! इतकी वर्षं त्यांनी मुकाट्याने काम केलं असेल, ते कोणी पाहिलं?

त्यात सकाळीच देवमन भाऊजी येऊन गेले होते. (माझ्या दिरांना तू ओळखतेस. चहा अर्धा ठेवतील, सल्ला पूर्ण देतील.) म्हणाले, ‘वहिनी, दादा गेले, आता तुमी एकट्या इथं काय करून राह्यल्या? समोरची खोली आमच्या शिवमच्या दुकानाले होईल. तुमी मंगरूळले बहिणीकडे सुखानं राहा.’ मी विचारलं, ‘भाऊजी, माह्या सुखाचा ठेका तुमाले कोणं देला?’ तर हसले. माणूस हसला की मला जास्त राग येतो.

हा राग पोटात असताना मी तू शिकवलेली ती झाडलोटीची आज्ञा दिली. यंत्राने विचारलं, काढून टाकू का? हो किंवा नाही एवढंच लिहायचं असतं, मला माहीत आहे. मी लिहिलं, ‘तुझ्या बापाचं घर आहे का?’ आणि बटण दाबलं. यंत्राने निमूटपणे काम रद्द केलं. भाऊजींना ही सोय असती तर किती बरं झालं असतं!

पण यंत्र रोज तेच विचारणार. तेव्हा यावर उपाय काय, ते ताबडतोब कळव.

तुझी मावशी,
प्रयागबाई

ता. क. : उपाय कळवू नकोस. मदतीच्या पानावर सापडला. (पान इंग्रजी आहे, पण डिक्शनरी घेऊन बसलं की इंग्रजीही वळणावर येतं.) आपोआप आलेल्या पॅकेजावर ‘हे मुद्दाम ठेवलेलं आहे’ अशी खूण करता येते. मग यंत्र त्याचं नाव काढत नाही. मी सगळ्यांवर खूण केली. त्यांतलं एकही काय काम करतं ते मला ठाऊक नाही.

आणखी ता. क. : खरं काम हे. भाऊजींनी तुझ्या आईला परस्पर फोन केला आणि तिने माझ्यासाठी मागची खोली झाडून ठेवली, असं कळलं. तिला माझ्यापेक्षा तुझं पटतं, म्हणून तू सांग. खोली झाडलीच आहे तर त्यात गहू भर म्हणावं. मी येईन, पण पाहुणी म्हणून, चार दिवस.

शेवटचं : पत्र पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून हेही लिहिते. दुसऱ्या दिवशी मी दोन जुने सिनेमे पुसून जागा केली आणि पत्ते परत बसवले. मग पेंटरला बोलावलं आणि दारावरच्या पाटीवर, त्यांच्या नावाखाली, माझं नाव लिहून घेतलं.