शेंड्याची पिवळी पानं

४ मार्च
आजपण एक गिऱ्हाईक "डॉक्टर आहेत का?" विचारत आलं. डॉक्टर म्हणजे मी! सातवीत शाळा सोडलेला, शोभेच्या माशांच्या दुकानातला नोकर. त्यानं पिशवीतून आपल्या टाकीतली पानं काढून दाखवली. जुन्या पानांना बारीक भोकं, भोकांच्या कडा पिवळ्या — पोटॅश कमी! बघतच राहिला. यात काय एवढं? खालची जुनी पानं पिवळी तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पिवळी, पण शिरा हिरव्या — लोह कमी. पान सगळं सांगतं.

करार संपला की या परक्या शहरात एक दिवस थांबणार नाही. घरच्या टाकीत माझं लाटेसारख्या पानाचं झाड आहे, तसलं मालकाकडंही नाही. त्याचे फुटवे वाढवायचे आणि स्वतःचं दुकान टाकायचं. टाकी वहिनीच्या हवाली केलीय. ते झाड जगलं पाहिजे, बस.

९ मार्च
वहिनीनं फोटो पाठवला. "भावजी, शेंडे पिवळे पडतायत." शिरा हिरव्या. लोह! एका नजरेत ओळखलं. औषध कळवलं.

१० मार्च
घरी फोन. आईला म्हटलं, टाकी कशी दिसते? "छान. समोरच तर आहे माझ्या." वहिनी बाहेर गेलेली. दादा म्हणाला, "माशांची चौकशी झाली असेल तर आमचीही कर की!" हसलो.

१८ मार्च
पिवळेच. उलट वाढलंय. औषध घालतेय म्हणते, आणि वहिनी थापा मारणारी नव्हे. डोस वाढवायला सांगितला.

२३ मार्च
डोकं फिरलं. नवीन पान पांढरंफटक! शेवटी फोटो मावशीला दाखवला. मावशी म्हणजे दुकानातली झाडं बघणारी बाई, मला हे काम तिनंच शिकवलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, "डॉक्टरा, औषध ओतत सुटलास, पेशंट कुठलं पाणी पितो ते विचारलंस? काचेवरची पांढरी रेघ बघ. पाणी जड आहे, क्षारांचं. असल्या पाण्यात लोह असूनही झाडाच्या तोंडी लागत नाही."

शक्यच नाही म्हटलं. आमचं पाणी हलकं. घरातल्या पातेल्यालाही कधी थर धरला नाही.

"मग काच खोटं बोलते होय रे?"

चिडलो. जेवलोपण नाही नीट.

२४ मार्च
सगळे फोटो मोठे करून बघितले. झाडं उजवीकडं झुकलीत. झाड उजेडाकडंच झुकणार. आमच्या टाकीला खिडकी डावीकडं — मीच मांडलीय ती तिथं!

पाणी आमचं नाही. खिडकी आमची नाही. टाकी आमच्या घरात नाहीच!

मग आईसमोर काय होतं?

२५ मार्च
वहिनीला सरळ विचारलं. तिचा फोनच आला. "माहेरी आहे, भावजी. तुमच्या दादांचं नि माझं नाही जमलं. आता परत जायची नाही मी. तुम्हाला आई सांगतील असं वाटलं."

आणि टाकी?

"तिथं कोण बघणार होतं? तुम्ही माझ्यावर सोपवलेली. कपडे घेतले आणि ती घेतली. टेम्पोवाला म्हणाला, बाई, लोक कपाट नेतात!" हसली.

दादाचा राग आला. आईचा जास्त. वहिनीला सांगितलं, औषध बंद, निम्मं आरओ फिल्टरचं पाणी मिसळा. शेंडे सुधारणार. शंभर टक्के!

९ एप्रिल
नवीन पान हिरवंगार! मावशी म्हणाली, "आता फी घे." दुकान होणार म्हणजे होणार.

१० एप्रिल
बोलता बोलता वहिनीच्या तोंडून निघालं — दुसऱ्या गावी दवाखान्यात नोकरी मिळालीय. राहायला चौघींत एक खोली. टाकीला जागा नाही, म्हणून पुढच्या महिन्यात येते, पुढच्या महिन्यात येते असं दवाखान्यात सांगत थांबलीय. मी येईपर्यंत.

म्हटलं, आजच टाकी रिकामी करा. झाडं शेजाऱ्यांना वाटून टाका.

"आणि तुमचं दुकान?"

म्हटलं, आधी तुम्ही निघा.