इलेक्ट्रॉन आणि कंगवा

तीर्थरूप बाबांना उर्वीचा साष्टांग नमस्कार,

फोनवर तुम्ही "बोल" म्हणता आणि लगेच आईकडे देता, म्हणून हे पत्र.

मॉन्ट्रियलला थंडी सुरू झालीये. मी वेळेवर जेवते. पीएचडीची तोंडी परीक्षा पास झाले! शेवटी एका म्हाताऱ्या प्राध्यापकबाईंनी विचारलं, "इलेक्ट्रॉन हा शब्द आला कुठून?" इतकी वर्षं इलेक्ट्रॉनवर काम करून मी ठोकून दिलं, "लॅटिनमधून." मग त्यांनीच सांगितलं. अंबर नावाच्या पिवळ्या खड्याला ग्रीक लोक इलेक्ट्रॉन म्हणायचे. तो लोकरीवर घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो. घरी येऊन शोधलं, तर आपल्याकडे त्याला तृणमणी म्हणतात.

म्हणजे तुमचा कंगवाच की हो! गिरगावच्या दमट हवेत तो खेळ जमायचा नाही, म्हणून तुम्ही डिसेंबरची वाट बघायचात. मग डोक्यावरून कंगवा फिरवून कागदाचे कपटे नाचवायचात. बाईंना हे सांगितलं, तर त्या खूश.

आईचा गुडघा कसा आहे? खरं सांगा.

तुमची केमो सुरू झाल्यावर आईने तो कंगवा आरशाखालून उचलून ठेवला होता. व्हिडिओ कॉलवर मला दिसायचं, पण मी विचारायचे नाही. रिपोर्ट चांगला आल्याचं तुम्ही दोघं कधीपासून सांगताय. मी "हो हो" म्हणायचे. काल आईने तुमचा फोटो पाठवला. तुम्ही टोपी घालून बसलायत, पण मागे आरशाखाली कंगवा परत आलाय.

तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

डिसेंबरात येतेय. कपटे करून ठेवा.

तुमची,
उर्वी