चौकटीतला मजकूर

ता. ४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी खुर्चीवर बस. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तू मामा होणार आहेस. दुसरा महिना लागलाय. ह्यांचे पाय जमिनीवर नाहीत. काल भलत्याच वर्गात जाऊन अर्धा तास गणित शिकवून आले.

डॉक्टरीणबाईंची पहिली भेट पुढच्या महिन्यात आहे. ब्लडप्रेशरची गोळी विसरते म्हणून तू ओरडायचास ना? आता घड्याळ लावून घेते, एक दिवस चुकवत नाही. लोभ आहेच, तो यापुढे दोघांवर असू दे.

तुझी,
ठमी

ता. ७ ऑगस्ट

चि. सौ. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र छापखान्यात सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. मशीनवाल्यानं आनंदानं मशीनच थांबवलं. गोळीच्या ओळीवर मात्र माझी जीभ अडखळली. त्या गोळीच्या डबीतला कागद आम्हीच छापतो. सहा वर्षं मी त्याची प्रुफं तपासतोय. एक अक्षर चुकू दिलं नाही आणि अर्थाकडे एकदाही पाहिलं नाही. आज पाहिलं. सगळ्यात वर, चौकटीत आहे: दिवस गेल्याचं कळताच ही गोळी थांबवावी, बाळाला इजा होऊ शकते.

तुझा फोन लागेना, म्हणून पत्र तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. मिळताक्षणी गोळ्यांची डबी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जा. पुढची गोळी त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, आणि औषधाविना घरी बसूनही राहू नकोस. प्रेशर वाढणंही वाईटच. मला काय रागवायचं ते नंतर रागव.

तुझा,
दादा

ता. ८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तसेच निघालो; ह्यांच्या पायात दोन वेगळ्या चपला. डॉक्टरीणबाईंनी लगेच गोळी बदलून दिली. वेळेत आलात, म्हणाल्या, खरा धोका नंतरच्या महिन्यांत असतो. गोळी दुसऱ्या डॉक्टरांची, म्हणून भेट ठरवताना बाईंना तिचं सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यावर बोलणी खाल्ली. नव्या गोळीचा कागद दवाखान्याच्या बाकावरच वाचून काढला, अडलं ते औषधवाल्याला विचारलं.

मुख्य गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवलीय. बाईंनी सोनोग्राफीच्या यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवला, तर एवढासा ठिपका भराभर उडत होता. ठोके छान आहेत, म्हणाल्या. आम्ही दोघं तिथेच रडलो. रागावू कुणावर? दादा, तू ये. असलं पत्रात सांगता येत नाही.

तुझीच,
ठमी