किंग्सवूड की लुमिना

बाबा, तुमची किंग्सवूड आज विकली गेली. तुमची म्हणजे अर्बाबची, आपल्या गॅरेजच्या मालकाची; पण हमरियात सगळे तिला तुमचीच म्हणायचे. अर्बाबही गेला, आता त्याचा मुलगा मालक आहे. त्याच्या अमेरात भागातल्या घरी दोन्ही ऑस्ट्रेलियन गाड्या शेजारी उभ्या असायच्या: सत्तरच्या दशकातली किंग्सवूड आणि तिच्यानंतर तीस वर्षांनी आलेली लुमिना. गेल्या आठवड्यात त्याने मला बोलावलं. "एक रखेगा, एक बेचेगा. तुम्हारा बाप का हाथ था इसमें. तुम बोलो, कौनसा अच्छा?"

तुमचा हात! मला आठवतो तो पाना हिसकावून घेणारा हात. डिप्लोमा करून, तुम्हीच काढलेल्या व्हिसावर मी इथे आखातात आलो होतो. पहिलाच महिना. किंग्सवूडच्या बोल्टला तेराचा पाना लावला, तो बसला, मी जोर दिला आणि बोल्टच्या कडा गोल झाल्या. त्या गाडीचं सगळं इंचात. बोल्ट अर्ध्या इंचाचा, त्याला मिलिमीटरचा तेरा केसभर मोठा पडतो. एवढं एक वाक्य सकाळी सांगितलं असतं तर तुमचं काय जाणार होतं? पण तुम्ही अर्बाबसमोर ओरडता, "डोळे फुटले काय रे तुजे? खलास. घराक जा." अर्बाब हसतो. मी चोवीस वर्षांचा घोडा, रडू येऊ नये म्हणून हात पुसत राहतो. मला त्याचा अजून राग आहे, बाबा. त्यानंतर तुम्ही मला तिचं बॉनेट उघडू दिलं नाहीत. कार्बोरेटर लावताना तर माझ्याकडे पाठ करून उभे राहायचात. माझ्या वाट्याला लुमिना टाकलीत आणि वर हिणवायचात, "ही गाडी नाय, रेडिओ आसा."

त्याच रेडिओवर माझं घर उभं राहिलं. मान्य, किंग्सवूडचं इंजिन मोकळंढाकळं, कुठेही हात पोचतो, आणि वाटेत अडली तर तारेच्या तुकड्यावर घरी यायची. पण जूनमध्ये तिच्यात बसून बघा. एसी नाही, सीट चटके देते, काच खाली करायला हँडल फिरवत बसा, आणि आत येते ती भट्टीची वाफ. लुमिनातून लांब रुस्ताकला जाऊन आलं तरी शर्टाची इस्त्री मोडत नाही. बिघडलीच तर कॉम्प्युटरची वायर जोडली की स्वतःच सांगते, मला इथे दुखतंय. तुमच्यासारखी तोंड फिरवून बसत नाही.

"लुमिना रखो," मी म्हटलं. "पुराना का पार्ट नहीं मिलता."

त्याने माझा शब्द मानला. रुस्ताकचा एक शौकीन आज किंग्सवूडला ट्रेलरवर चढवून घेऊन गेला.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहितो. पार्ट मिळतात. दोन महिने ती सुरू होऊन बंद पडत होती, आणि तो कार्बोरेटर मला लावता येत नाही. मालकाला हे सांगायची मला लाज वाटली. "मला येत नाही" असं तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तेवढं मात्र तुम्ही न शिकवता शिकलो.