रांग चुकली तर

६ जुलै १९८३

“लिंडेनच्या पोरा-पोरींनो! उन्हात करपता तुम्ही, बिगुल फुंकून ओठ फुटतात तुमचे, आणि दर स्पर्धेत गुण कापले जातात ते दुसऱ्याच कुणाच्या कागदावरच्या रेघांपायी!”

अशी सुरुवात केली आज. लिंडेन गावच्या शाळेच्या जिममध्ये ढोल-बिगुल पथकातली सगळी पोरं, मागे पालक, पुढे पथकाच्या मंडळाचे लोक. मी बोलत होते आणि माझ्या आवाजापुढे पंख्यांची घरघरसुद्धा ऐकू येत नव्हती. शेवटी हात वर करून मतदान. ऑर्व्हिल टेसमरांनी आखलेला कवायतीचा शेवट काढायचा, कॅलिफोर्नियाहून नवा आखणारा आणायचा. हातच हात! अध्यक्ष हॅरल्ड हसून म्हणाले, “मोजायची गरजच नाही, व्हर्ना.”

ऑर्व्हिल पहिल्या ओळीत, घडीच्या खुर्चीवर. त्यांचाही हात वर! टोमणाच तो, दुसरं काय. जाताना माझ्याजवळ थांबले. “हात छान उठले गं. एका रेषेत.”

मी जिंकले. मग घास का उतरला नाही?

७ जुलै

लिहून स्वतःला पटवते.

ऑर्व्हिल मोठे आहेत, हे मी नाकारत नाही. कवायत त्यांनी आखायची, मी पोरांना शिकवायची, असं आमचं चालायचं. ते यायच्या आधी ढोल-बिगुलांची पथकं पलटणीसारखी चालायची — चौकोन, काटकोन, डावीकडे जे तेच उजवीकडे. त्यांनी रांग वाकवली. मी तेव्हा पथकात झेंडा फिरवायचे. पहिल्यांदा ती ‘नदी’ केली तेव्हाचं आठवतं — सगळं पथक एकच रांग होऊन मैदानभर वळत वळत प्रेक्षकांवर चालून गेलं. परीक्षकांच्या कागदावर त्याला रकानाच नव्हता! लोक बाकांवर चढले. पुढे निम्म्या देशानं नद्या काढल्या. मैदान म्हणजे पाटी आणि माणसं म्हणजे खडू, हे ज्यांना प्रथम दिसलं त्या दोन-चार जणांतले एक आमच्या गावचे.

पण यंदा शेवटाला पुन्हा नदी आहे, आणि ती फाटते आहे. परीक्षक बघता बघता शेरे टेप करतात, त्यात स्पष्ट ऐकू येतं — “ही नदी की डबकी?” आखणी म्हातारी झाली. मोठ्या माणसाची चूक चालवून घेणं म्हणजे गुलामी.

दर वर्षी वर्गात फ्रेंच राज्यक्रांती शिकवते. डोकी उडवणाऱ्यांची भाषणं मी अशी वाचते की पोरं टाळ्या वाजवतात. आज ती आठवू नयेत.

९ जुलै

मैदानाकडेला ऑर्व्हिल उंचावरून सराव बघायचे ते मचाण रिकामं. टोपी तशीच खुंटीला. कुणी काढली नाही. मीही नाही.

१४ जुलै

नवा माणूस आला. डीन कव्हालो. पायांत चपला, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात लिंबूसरबताचा जगच! पोरं खूश. म्हणाला, “काढायच्या आधी जुना शेवट एकदा दाखवा.”

मचाणावर चढला. पोरांनी नदी केली.  मग खाली उतरून माझ्यापाशी आला.

“मिसेस लोकेन, आखणीत काही चूक नाही. असं आखायला मला दोन जन्म लागतील.”

“मग पोरं चुकतात?”

“छे! पोरं आपापल्या टिंबावर अचूक. म्हणूनच तर फाटतंय.”

टिंब म्हणजे कागदावर प्रत्येकाला नेमून दिलेली जागा. मी पोरांना तेच शिकवलं आहे, तीन उन्हाळे, घसा फोडून — आपलं टिंब सोडू नका! शेजारी चुकला तर चुकू दे! सत्य बहुमतानं ठरत नाही!

डीन म्हणाला, “वाकडी रांग पळत असते हो. कुणीतरी अर्धं पाऊल सरकणारच. मग शेजाऱ्यानं सरकायचं, त्याच्या शेजाऱ्यानंही. रांग चुकली तर रांगेबरोबर चुकायचं. हे टेसमरांचंच वाक्य. आम्ही तिकडे समुद्रकाठी बसून त्यावर शिकलो. इथे पोरांना शिकवतं कोण?”

मी म्हणाले, “माणसं बदलत असतात.”

असं म्हणाले मी!

ऑर्व्हिलचं ते रांगेचं वाक्य मला पंधराव्या वर्षापासून पाठ आहे. नंतर पुस्तकं वाचली आणि मेंढरांचं तत्त्वज्ञान म्हणून निकालात काढलं.

१५ जुलै

कुणाला सांगितलं नाही.

१९ जुलै

डीनचा नवा शेवट बसला. ठळक, कोनाकोनांचा, टिंबावर उभं राहिलं की झालं. गुण वाढले. वाढणारच — माझी चूक त्यात झाकली जाते!

हॅरल्डनी सगळ्यांसमोर खांद्यावर थाप मारली. “या बाईच्या जिभेनं पथक वाचवलं!” टाळ्या. मी मान लववली. लववली!

घरी नवरा, लाइल, म्हणतो, “जिंकून आलीस ना? मग तोंड का असं, बटाट्याचं सॅलड नासल्यासारखं?” त्याला म्हटलं, ऊन लागलं.

२४ जुलै, रविवार

गेले ऑर्व्हिलकडे. परसात शेगडीवर सॉसेज भाजत होते. “ये. दोन जास्तीचे आहेत. तुला वास बरोबर येतो.”

उभ्या उभ्याच सांगितलं. आखणी चुकली नव्हती, शिकवणं चुकलं होतं, माझं. ते चिमट्यानं सॉसेज उलटत राहिले.

“माहितीय.”

“कधीपासून?”

“मे महिन्यापासून. मचाणावरून दुसरं दिसतं काय?”

“मग बोलला का नाहीत?”

“दोनदा बोललो की. दोन्ही वेळा तू मला भाषण ऐकवलंस. दुसरं जास्त चांगलं होतं.”

मला हसूही येईना, रडूही. म्हटलं, “आणि त्या दिवशी तो हात? मला टोमणा मारायला वर केलात ना?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. खरंच नवल वाटलं होतं त्यांना.

“टोमणा कसला, व्हर्ना? सगळी रांग तिकडे वळली. मी एकटा माझ्या टिंबावर बरोबर उभा राहिलो असतो, तर कसं दिसलं असतं? समोरचा दात पडल्यासारखं. पोरांना हंगाम काढायचाय अजून.” मग म्हणाले, “मोहरीची चटणी घे. त्याशिवाय गिळवणार नाही तुला.”

मी त्यांना जिममध्ये सगळ्यांदेखत काढलं, आणि त्यांनी माझ्या भाषणातही रांग मोडू दिली नाही. मी त्याला टोमणा समजले. दोन सॉसेज खाल्ले. दोन्ही चांगले होते. तेच जास्त लागलं मनाला.

२६ जुलै

सबबी: एक, हंगामाच्या मधोमध पोरांचा विश्वास ढळेल. दोन, गुण वाढतायत. तीन, ऑर्व्हिलचीच इच्छा नाही. — तिन्ही सुबक. विद्यार्थ्यानं लिहून दिल्या असत्या तर लाल शाईनं एकच शब्द लिहिला असता: भित्री.

‘सत्य बहुमतानं ठरत नाही’ म्हणणारी मी. आता त्याच बहुमतामागे लपले आहे.

२८ जुलै

आज सरावात एक झेंडेवाली मुलगी धडपडली. शेजारची तिच्यासाठी जरा सरकली — आणि लगेच दचकून माझ्याकडे बघत आपल्या टिंबावर परत गेली.

हे मी शिकवलं.

३० जुलै

सांगितलं. मैदानावर, मचाणाखाली, सगळ्या पथकाला. सुरुवात भाषणासारखी करणार होते, ते सोडलं. चार वाक्यं जेमतेम निघाली: नदी फाटली ती माझ्यामुळे. टेसमरांचं काही चुकलं नव्हतं. ते मला तेव्हा कळलं नाही. कळल्यावर मी गप्प बसले.

 मग ढोलांची म्होरकी मार्सी ड्युफेक, गळ्यात ढोल तसाच, म्हणाली —

“आम्हाला माहीत होतं, बाई.”

“काय माहीत होतं?”

“आधीच्या पोरांनी सांगितलं होतं, नदीत शेजाऱ्याबरोबर सरकायचं असतं. जूनमध्ये तुम्ही नव्हतात तेव्हा शेजाऱ्याच्या खांद्याकडे बघत एकदा करूनही पाहिली. झाली की नदी! टेसमर वर मचाणावर रडत होते.”

“मग माझ्यासमोर का नाही केलीत तशी? आणि हात? हात का वर केलेत?”

मार्सीनं टिपऱ्या काखेत मारल्या. इतक्या मऊ आवाजात बोलली ती —

“तुम्ही चुकत होतात ना बाई. तुम्हाला एकटं कसं सोडणार?”

एवढी पोरं! सबंध उन्हाळाभर माझ्याबरोबर चुकत राहिली, खिंडार माझ्या जागी पडू नये म्हणून!

मग मात्र आवाज फुटला. ओरडलेच — “बिगुल खाली ठेवा! झेंडे खाली! माझ्याकडे कुणी बघू नका. सगळे मिळून आत्ता टेसमरांच्या दारात जा, आणि त्यांना मचाणावर घेऊन या!”