आत्याने निवडलेली मूठ

८ जानेवारी
आत्याचा उजवा अंगठा पुन्हा बधिर. तीस वर्षं किनाऱ्याच्या खडपावर बसून खडकाला चिकटलेली कालवं फोडते. हत्याराला मूठ तीच, सरळ लाकडी दांडा. डॉ. म्हणाले, हे काम आता बंद. बाहेर आल्यावर आत्या : "मग दिवसभर करू काय? तुझ्या कॉलेजात येऊन बसू?"

११ जानेवारी
डिझाइनच्या मुलांना शिकवते तेच घरी लावलं. कॉम्प्युटरने बारा वेगवेगळ्या मुठी काढायच्या, त्यातल्या चांगल्या दोघींचा संकर, थोडा फेरफार, पुन्हा नव्या बारा. निसर्ग करतो तसंच, फक्त घाईने. चांगली कुठली, ते तळहातावरच्या दाबाचं गणित ठरवणार. चाळीस पिढ्या चालवल्या. पहिली आलेली फारच देखणी. कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर छापून आणली.

१२ जानेवारी
आत्याने एकदा धरली. मग बादलीत हात बुडवून धरली. सटकली.
"ही सुक्या हाताची गो. माझा हात सुका असतो कधी?"
गणितात पाणी धरलंच नव्हतं. मी! जन्म समुद्राकाठी काढून.

१९ जाने.
गणित काढून टाकलं. आता निवड आत्याची. बाराही छापायच्या, ती ओल्या हाताने धरून बघणार, दोन ठेवणार, त्या दोघींपासून पुढची पिढी. प्रिंटर रडतखडत चालतोय. शेजारच्या शरीफाचाची रोज बघायला येतात. आज एक उचलून म्हणाल्या, "ही नवरी नको, हिचं नाक टोचतं." दोघी हसत सुटल्या. मला काम सुचेना.

२ फेब्रु.
सहावी पिढी. त्यात एक आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी, अंगठ्याखाली फुगलेली. मी जन्मात काढली नसती. आत्या हातातून सोडेना. चहासुद्धा डाव्या हाताने प्यायली.

५ फेब्रु.
प्लास्टिक नको म्हणाली, म्हणून सुताराकडे. फणसाचं लाकूड. त्याने नमुना उलटसुलट करून पाहिला. "कुणी काढला हा?" मी सांगायला लागले, कॉम्प्युटर, संकर... आत्या मधेच, "मी. बहात्तर मुठी धरून बघितल्या मी."
खरंच की. बरं वाटलं.

९ फेब्रु.
सकाळची ओहोटी. मीही गेले. नवी मूठ धरून आत्या तीन तास बसली, एकदाही हात झटकला नाही. घरी आल्यावर विचारलं, अंगठा?
"आज आठवलाच नाय."
मग बोटं उघडून मिटून बघत राहिली, बराच वेळ. "सकाळी उठल्यावर कळेल."
गुरुवारी डॉ.कडे जायला कधी नव्हे ती तयार. त्यांना मूठ दाखवायची म्हणते.