सोळा तासांची रात्र

१० डिसें., बुध.
आईचं तिकीट आलं. मुंबई ते न्यूयॉर्क, मधे कुठं थांबा न्हाय. साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास. फोनवर बघितलं आणि बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला आलेल्या सगळ्यांना ऐकवलं. धाकट्या बहिणीचं, शीतलचं, पहिलं बाळंतपण. आई जवळ पायजेच.
आईची एकच शंका. "दिवस मावळल्यावर मी पाणीबी घेत न्हाय. इमानात कसं रं?"
म्हटलं, "तिथं काय येगळा सूर्य हाय व्हय? पाच-सहा तास झोप काढ. उठशील तवा ऊन."

१२ डिसें., शुक्र.
काल पनवेलच्या अलीकडं गाडी थांबवली, उजेड हाय तवर आईनं दशमी खाल्ली, पाणी प्याली. रात्री विमानतळावर पाया पडलो. येताना साताऱ्यात मिसळ हाणली. लई खूश.

संध्या. – शीतलचा फोन, रडत. आई उतरल्यावर रांगेतच चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलंय.

१३ डिसें.
विमानात उजाडलंच न्हाय. विमान पश्चिमेला, रात्रबी त्याच अंगाला. उतरलं तवाबी बाहेर अंधार. आई खिडकीची झापड वर करून बघत बसायची, पाणी आणलं की हात जोडायची. बीपीची गोळी तशीच पिशवीत.
शीतल म्हणाली, "दादा, ती एकच बोलत हुती. माझा बाबू म्हणालाय, उजाडणार."
माझ्या कारखान्यात लोखंड कापताना मापात एक सूत चुकलं तर पोरांना सगळ्यांसमोर झापतो मी. लाज वाटती. लई वाटती.

१५ डिसें., सोम.
कागलला कारखान्यात विचारत्यात, "मालक, आई पोचल्या न्हवं?"
"व्हय की, झकास."
तोंड वर करून सांगितलं. बस्तीकडं फिरकलो न्हाय. पद्मा, आमची बायको, सोडती व्हय? "जायच्या आधी गावभर दवंडी पिटलीसा, आता का दातखीळ बसली?"

१६ डिसें.
बेशुद्धीत सलाइन लावलं तवाबी तिथं अंधारच. आईला कळलं. व्रत मोडलं म्हणती, प्रायश्चित्ताचा उपास करणार. डॉक्टर न्हाय म्हणत्यात, शीतल पाया पडती, ती ऐकंना. चूक माझी आणि उपाशी ती. मीच आज जेवलो न्हाय. त्यानं काय हुतंय म्हणा.

१८ डिसें., गुरु.
आई शीतलच्या घरी आली. फोनवर आवाज बारीक. उपास केलाच, वर म्हणती, "बरं वाटतंय."
म्हटलं, "आई, माझं चुकलं, मी त्या दिवशी..."
मधेच, "जेवलास का? पद्माला सांग, लोणच्याच्या बरणीचं फडकं बदल." मग, "बाबू, परत येताना रात्र केवढी असती रं? बघून सांग. तू सांगशील तशी खाती-पिती."
शीतलला विचार म्हणायला पायजे हुतं.
बघतो म्हटलं.